दाबाखालचे जग : आधी उडवा, मग पुसा

गेल्या आठवड्यात एअर रिसीव्हरच्या पत्र्याची जाडी कशी मोजतात ते पाहिले. आज त्याच टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह.

चेन्नईच्या अंबत्तूरमध्ये १९६४ साली तेव्हाच्या मद्रास सरकारने औद्योगिक वसाहत उभारली. अशा वसाहतीत कॉम्प्रेसर नसलेली शेड विरळाच. किनाऱ्याकडची दमट हवा दाबली की तिच्यातले पाणी टाकीत सुटते, पाण्यामागून गंज येतो आणि गंजाची भुकटी व्हॉल्व्हच्या सीटवर बसते. व्हॉल्व्ह फुसफुसू लागतो. मग शिशाचे सील तोडून स्प्रिंग अर्धा फेरा आवळणारा कोणीतरी मिस्त्री भेटतोच, अंबत्तूर असो की भोसरी. आवाज थांबतो खरा, पण टाकी आता किती दाबाला सुटेल ते कोणालाच ठाऊक नसते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याचे ३१ वे कलम सुरक्षित दाबाची मर्यादा ओलांडू देऊ नका म्हणत असे. आवळलेली स्प्रिंग नेमकी तीच वाट मोकळी करते.

व्हॉल्व्ह टेस्ट बेंचवर आला की चांगल्या फिटरचाही हात आधी वायर ब्रशकडे जातो. तो तिथेच धरावा. आला तसा, न पुसता, न ठोकता व्हॉल्व्ह एकदा उडवायचा. काल कारखान्यात दाब चढला असता तर याने काय केले असते, हे फक्त या पहिल्या आकड्यातून कळते. १० बारला सेट केलेला व्हॉल्व्ह ९.७ ते १०.३ मध्ये उडाला तर उत्तम. १५ बारपर्यंत हललाच नाही, तर अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या एपीआय ५७६ या मार्गदर्शिकेप्रमाणे तो अडकलेला धरायचा आणि दाब आणखी चढवायचा नाही. साफसफाईनंतर तोच व्हॉल्व्ह शहाण्यासारखा १० ला उडतो, सर्टिफिकेट मिळते, आणि तो इतके दिवस नुसता शोभेला होता ही गोष्ट रजिस्टरात येतच नाही. पुढची तपासणी लवकर घ्यायची की उशिरा, तेही याच आकड्यावर ठरवायचे असते. म्हणून व्हॉल्व्ह उभा, तोंडांना टोप्या लावून आणावा. गोणीत आडवा घालून दुचाकीवर नव्हे.

मग लॅपिंग, सेटिंग आणि गळतीची चाचणी. दाब ९ बारवर, म्हणजे सेटच्या ९० टक्क्यांवर धरतात, आउटलेट बंद करून त्यातून काढलेली बारीक नळी पाण्यात अर्धा इंच बुडवतात आणि घड्याळ लावून बुडबुडे मोजतात. धातूच्या सीटच्या लहान व्हॉल्व्हला मिनिटाला ४० माफ, मोठ्या तोंडाच्याला २०. मऊ सीटला एकही नाही.

उघडणे हे अर्धेच काम. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात रिलीफ व्हॉल्व्ह वेळेवर उघडला, पण परत बसला नाही. पॅनेलवरचा दिवा मात्र बंद होण्याचा हुकूम गेला एवढेच सांगत होता. ऑपरेटरांना वाटले, व्हॉल्व्ह बंद झाला. बेंचवरच्या टाकीत हवा थोडी असते, त्यामुळे परत बसण्याचा खरा दाब तिथे नीट कळत नाही. टाकीवर चढवल्यावर, दाब सेटच्या किमान ७५ टक्के असताना, लिव्हर ओढून सोडला तर तो मोकळा आहे आणि बसतो, इतके समजते. सेटिंगबद्दल मात्र त्यातून काही कळत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी नेमकी हीच ओढाओढ ‘टेस्ट’ म्हणून लिहिली जाते.

पुढच्या भागात बर्स्टिंग डिस्क.