पाचशेचा हिशेब सगळ्यांना सारखा का लागत नाही

‘रोज पाचशे कॅलरी कमी खा, आठवड्याला अर्धा किलो उतरणारच.’ वाराणसीत दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या मराठी घरांतही हे वाक्य पुण्या-नागपूरइतक्याच खात्रीने बोललं जातं. दोघी जावा एकच तक्ता पाळतात, एकीचे चार किलो उतरतात, दुसरीचा एक. मग दुसरीला ऐकवलं जातं, ‘चोरून खात असशील.’ हा आरोप अन्यायाचा आहे आणि त्याला शास्त्राचा आधार नाही.

हिशेबाचं मूळ १९५८ सालचं आहे. मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकी डॉक्टरांनी एक पौंड (जवळपास अर्धा किलो) वजन म्हणजे ३,५०० कॅलरी, असं गणित मांडलं. रोजचे पाचशे गुणिले सात म्हणजे साडेतीन हजार. साठवलेल्या चरबीपुरता आकडा बऱ्यापैकी बरोबर आहे. चूक होते ती तोच वर्षानुवर्षं पुढे ताणण्यात. वजन उतरलं की लहान झालेल्या शरीराला कमी ऊर्जा पुरते, त्यामुळे कालची तूट आज तेवढी राहत नाही. रोज फक्त शंभर कॅलरी कमी केल्या तर जुन्या गणिताने तीन वर्षांत चौदा किलो जायला हवेत. संशोधक केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेल्या हिशेबाप्रमाणे साधारण साडेचार किलो जातात, त्यातले निम्मे पहिल्या वर्षात. पहिल्याच आठवड्यात झरझर उतरतं, त्यात तर पाण्याचाच वाटा मोठा असतो.

आता माणसामाणसांतला फरक. संशोधक क्लोद बुशार यांनी १९९० मध्ये एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांना ८४ दिवस गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खायला घातल्या, तेही देखरेखीखाली. वजन कुणाचं ४.३ किलोने वाढलं, कुणाचं १३.३ किलोने. जोडीतल्या दोघांची वाढ मात्र बरीच सारखी होती. उलट दिशेने, म्हणजे वजन उतरतानाही, आनुवंशिकतेचा हात असतोच. शिवाय काही जण बसल्या जागी चुळबुळतात, सारखे उठतात, फेऱ्या मारतात. या नकळतच्या हालचालीत किती ऊर्जा जाते, हे तक्ता सांगू शकत नाही.

आणि मोजणी? १९९२ च्या एका अमेरिकी अभ्यासात ‘काही केल्या वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांनी खाण्याची नोंद प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्के कमी केली होती. म्हणजे ते खोटारडे होते, असं नव्हे. अंदाज चुकतो, सगळ्यांचाच. वाराणसीच्या कचौडी गलीत सकाळी द्रोणात येणारी कचोरी घ्या. छोटी की बडी? सारण किती भरलेलं? तेल किती प्यायलेली? दहा ग्रॅम तेल म्हणजे नव्वद कॅलरी, आणि कढईतून निघालेल्या कचोरीत ते किती मुरलंय हे डोळ्यांना दिसत नाही. अ‍ॅपमध्ये ‘कचोरी, दोन’ लिहून मिळणारा आकडा कुठल्या तरी वेगळ्याच कचोरीचा असतो.

म्हणून कॅलरी खोट्या ठरत नाहीत. खर्चापेक्षा कमी खाल्लं तर वजन उतरतं. किती आणि किती वेगाने, हे आधी ठरवता येत नाही, एवढंच.

आता नेहमी कानावर येणारे काही प्रश्न. उपवासाने वजन उतरतं? शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी, तेवढ्याच शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या आसपास. एकादशीची खिचडी जेवणापेक्षा हलकी नसते.

मलइयो, म्हणजे वाराणसीचा दुधाच्या फेसाचा गोड पदार्थ, नुसता फेसच ना? फेसात हवाच जास्त, हे खरं. पण कुल्हडात शेवटी ओततात त्या गोड केशरी दुधाचीही मोजणी करा.

तिशीनंतर चयापचय मंदावतं? २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या ६,४०० हून अधिक लोकांच्या अभ्यासात वीस ते साठ वयात, शरीराचा आकार लक्षात घेता, ते जवळपास स्थिर आढळलं.

काटा कमी दाखवतो म्हणजे सगळं ठीक? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच होता, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दोघांनी स्वतःचेच फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले. आपल्याकडे काट्यासोबत कंबरही मोजावी लागते: पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत.