कुत्र्याचा वयोगटानुसार आहार

कुत्र्याचा वयोगटानुसार आहार म्हणजे पिल्लू, प्रौढ कुत्रा, गाभण किंवा पाजती कुत्री आणि वृद्ध कुत्रा यांच्या बदलत्या गरजांनुसार अन्नाचे घटक, प्रमाण व वेळा ठरवणे होय. महाराष्ट्रातील अनेक घरांत कुत्र्याला आयुष्यभर दूध-पोळी, दूध-भाकरी किंवा उरलेसुरले अन्न दिले जाते. त्याने पोट भरते. परंतु वाढत्या वयात प्रथिने व खनिजे अपुरी पडतात आणि उतारवयात तेच अन्न स्थूलतेस कारण ठरू शकते.

पचनाची वैशिष्ट्ये

कुत्रा मांसभक्षक गणातील प्राणी असला, तरी माणसाच्या सहवासात तो मिश्राहारी झाला आहे. पिष्टमय पदार्थ पचवण्यास उपयोगी पडणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा अधिक असतात, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्यामुळे शिजवलेला भात किंवा भाकरी त्याला पचते. मात्र दूध तुटल्यानंतर दुग्धशर्करा पचवण्याची क्षमता घटते व काही कुत्र्यांना दुधाने जुलाब होतात.

पिल्लाचा आहार

जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांत आईचा चीक मिळणे आवश्यक असते, कारण त्यातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. सुमारे ३ ते ४ आठवड्यांपासून मऊ अन्नाची सवय लावतात आणि ६ ते ८ आठवड्यांपर्यंत दूध तुटते. या वयात दर किलो वजनामागे पिल्लाला प्रौढ कुत्र्याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. जठर लहान असल्याने सुरुवातीला दिवसातून चार वेळा, पुढे तीन वेळा आणि साधारण सहा महिन्यांनंतर दोन वेळा खायला देतात.

अमेरिकेतील पशुखाद्य मानकांनुसार, पाण्याचा अंश वगळता, वाढीच्या वयातील खाद्यात किमान २२.५ टक्के व प्रौढांच्या खाद्यात किमान १८ टक्के प्रथिने असावी लागतात. केवळ मांस देणेही योग्य नाही. मांसात स्फुरद भरपूर, पण कॅल्शियम अत्यल्प असते. त्यामुळे शरीर हाडांतील कॅल्शियम ओढून घेते आणि हाडे ठिसूळ होतात. याउलट ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांना कॅल्शियमची जादा पूरके दिल्यास हाडांची वाढ बिघडते. म्हणून अशी पूरके पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत.

प्रौढ कुत्र्याचा आहार

लहान जाती साधारण वर्षभरात, तर मोठ्या जाती दीड ते दोन वर्षांत प्रौढ होतात. विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेची गरज काढण्यासाठी किलोमधील वजनाचा ०.७५ हा घात घेऊन त्यास ७० ने गुणतात. १० किलोच्या कुत्र्यासाठी हे उत्तर सुमारे ३९४ किलोकॅलरी येते. नसबंदी झालेल्या सामान्य घरगुती कुत्र्यासाठी त्याच्या सुमारे १.६ पट, म्हणजे जवळपास ६३० किलोकॅलरी, हा प्रारंभिक अंदाज धरतात.

प्रत्यक्षात शरीराची ठेवण पाहून प्रमाण बदलावे लागते. बरगड्या हाताला सहज लागाव्यात आणि वरून पाहता कंबर दिसावी. कारवान व मुधोळ या शिकारी जाती मूळच्याच सडपातळ असल्याने त्यांच्या काही बरगड्या दिसणे दोष मानला जात नाही. लॅब्रॅडॉर कुत्र्यांवरील एका दीर्घकालीन अभ्यासात २५ टक्के कमी अन्न मिळालेल्या गटाचे मध्यक आयुष्य १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला.

गाभण व पाजती कुत्री

गर्भधारणेचा काळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. पहिल्या दोन तृतीयांश काळात अन्न फारसे वाढवावे लागत नाही. अखेरच्या टप्प्यात ते हळूहळू वाढवतात. पिल्ले ३ ते ४ आठवड्यांची असताना दूध सर्वाधिक येते व पिल्लांच्या संख्येनुसार कुत्रीला नेहमीच्या दोन ते चार पट ऊर्जा लागू शकते.

वृद्ध कुत्र्याचा आहार

वय वाढते तशी हालचाल घटते आणि ऊर्जेची गरजही कमी होते. मात्र प्रथिने सरसकट कमी करू नयेत, कारण या वयात स्नायू झडतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास पशुवैद्यक वेगळा आहार सुचवतात. दात दुखत असल्यास अन्न मऊ करून द्यावे.

अपायकारक पदार्थ

पुण्यातील गुलटेकडी येथील मार्केट यार्ड ही भुसार माल, फळे व भाजीपाला यांची घाऊक बाजारपेठ आहे. कुत्र्यासाठी घरी शिजवण्यास योग्य असे तांदूळ, ज्वारी, लाल भोपळा व गाजर अशा बाजारात मिळतात. तेथेच त्याला घातक असणारे कांदा, लसूण, द्राक्षे व बेदाणेही विकले जातात. कांदा-लसणाने, ते शिजवलेले असले तरी, तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. म्हणून फोडणीची आमटी किंवा रश्श्यात कुस्करलेली पोळी सुरक्षित नसते. द्राक्षे व बेदाणे यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेट, झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ, मद्य आणि शिजवलेली हाडेही टाळावीत.

भटक्या कुत्र्यांना अन्न

प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ मध्ये भटक्या कुत्र्यांना ठरावीक जागी व ठरावीक वेळी खायला देण्याची तरतूद आहे. ही जागा मुलांच्या खेळण्याच्या जागा, जिने व इमारतींची प्रवेशद्वारे यांपासून दूर असावी लागते. त्यांच्या अन्नालाही वरील पथ्ये लागू पडतात. पिल्ले व पाजती कुत्री यांना कोरड्या पोळीपेक्षा अंडे किंवा शिजवलेले मांस मिसळलेला भात अधिक उपयोगी ठरतो आणि सोबत स्वच्छ पाणी ठेवणे आवश्यक असते.