एक सायकल, चार नद्या

कोल्हापूर म्हटलं की आपली गाडी ठरलेल्या स्टॉपवरच थांबते. महालक्ष्मी, रंकाळा, पन्हाळा, तांबडा-पांढरा आणि परतताना चपला! पण याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला चार नद्यांचा एक तालुका आहे, हे आपल्या गावीही नसतं. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा. तालुक्याचं नाव शिरोळ. सपाट रस्ते, दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्येच चमकणारं पाणी. चढ नावालाही नाही. म्हणजे एरवी फक्त जिममध्ये सायकल मारणाऱ्यांनाही जमेल असा रूट.

थंडीतला एक रविवार गाठला आणि एकटीच निघाले. सकाळी सातला जयसिंगपूर स्टेशनवरून सुरुवात. राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं हे शहर. उसाच्या दरासाठी गाजणारी ऊस परिषदही इथलीच. गाव सुटलं की धुकं आणि त्यातून येणारे उसाचे ट्रॅक्टर. मागे दोन-दोन ट्रॉल्या, वर ढीगभर ऊस आणि फुल्ल आवाजात गाणी. ट्रॅक्टर दिसला की निमूट साइडपट्टीवर उतरायचं, हा इथल्या सायकलिंगचा पहिला नियम.

शिरोळ मागे पडलं आणि एका वळणावर ऊस अचानक संपला. समोर लव्हाळा, पाणकणसं आणि घोटाभर पाणी. दुर्बीण डोळ्याला लावली आणि पुढचा अर्धा तास कसा गेला कळलंच नाही! लांबलचक लाल पायांवर, रॅम्पवर चालावं तसे चालणारे शेकाटे. पाणकणसांत घुसणाऱ्या जांभळ्या पाणकोंबड्या. चोचीच्या मुळाशी कुंकू आणि टोकाला हळद लावल्यासारखं दिसणारं हळदी-कुंकू बदक. तारेवर ओळीनं वेडे राघू.

तेवढ्यात मागून आवाज आला, ‘‘काय बघालाय ताई?’’

‘‘पक्षी बघतेय, काका.’’

काकांनी सायकल बघितली, दुर्बीण बघितली आणि म्हणाले, ‘‘बघा की. माझंच रान हाय. ऊस हुता हितं, आता पाखरं हायती.’’

माझ्या दुर्बिणीत मावत होतं, ते काकांचं बुडालेलं शेत होतं.

प्रकार असा आहे. काळी कसदार जमीन, नदीवरून उपसा योजनांनी आलेलं मुबलक पाणी आणि खात्रीचा ऊस. मग वर्षानुवर्षं पाट भरभरून पाणी द्यायचं आणि वर रासायनिक खतं. काळ्या मातीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येत जाते आणि सोबत मीठही. ऊन पडलं की पाणी उडून जातं, मीठ तिथंच राहतं. रान पांढरं पडतं, ऊस खुरटतो आणि एक दिवस उगवायचाच थांबतो. याला क्षारपड जमीन म्हणतात. खोलगट रानात पाणी साचून राहतं, तिथं लव्हाळा येतो आणि लव्हाळ्यामागून पक्षी.

आता यावर इलाज निघालाय. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं गणपतराव पाटील यांच्या पुढाकारानं क्षारपड जमीन सुधारण्याचं मोठं काम हाती घेतलं. जमिनीखाली सच्छिद्र पाइपांचं जाळं टाकायचं, मीठ विरघळलेलं पाणी त्यातून नाल्याकडे काढून द्यायचं. काही काळानं रान पुन्हा पिकायला लागतं. काकांचाही नंबर लागणार आहे. म्हणजे माझ्या शेकाट्यांचा पत्ता कट!

‘अरेरे’ म्हणायचं का? मला नाही म्हणवलं. आपला एक रविवार छान जावा म्हणून कुणी शेत पाण्यात ठेवावं, ही अपेक्षाच चुकीची. माणसाच्या हातून तयार झालेली पाणथळ वाईटच असते, असंही नाही. 2020 मध्ये रामसर यादीत गेलेलं राज्यातलं पहिलं पाणथळ, नाशिकचं नांदूर मधमेश्वर, गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळेच तयार झालं. पण तिथं ती जागा पक्ष्यांसाठी राखली गेली. इथं सातबारा शेतकऱ्याचा आहे. मग पक्ष्यांनी जायचं कुठं? उत्तर तसं समोरच वाहतंय. नदीकडे.

म्हणून सायकल नदीकडे वळवली. नृसिंहवाडीला, म्हणजे आपल्या वाडीला, कृष्णा-पंचगंगेचा संगम. दत्तदर्शन झालं, कवठाची बर्फी सॅकमध्ये गेली आणि कुरुंदवाडच्या पुलावर ब्रेक लावला. खाली पंचगंगा. काठाला केंदाळ, म्हणजे जलपर्णी, आणि नाकाला रुमाल लावायला लावणारा वास. कोल्हापूरचं सांडपाणी आणि इचलकरंजीच्या कापड प्रोसेसिंगचं पाणी पोटात घेऊन ही नदी इथवर येते. वर तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या पुनःपुन्हा येतात. मासेच नसतील तर पाणकावळा खाणार काय? शर्ट घेताना रंग आणि फिटिंग आपण बघतो. तो रंग धुतलेलं पाणी कुठं गेलं, हे कोण विचारतं?

कुरुंदवाडनंतर अकिवाट, सैनिक टाकळी करत खिद्रापूर. बाराव्या शतकातलं शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिर आणि त्याचा तो स्वर्गमंडप, छताला मधोमध गोल आकाश! मंदिर बघून मागे कृष्णेच्या काठावर आले तेव्हा दोन वाजले होते. पलीकडे कर्नाटक. पात्र रुंद, पाणी संथ. कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत थांबायचा आणि दगडासारखा खाली सुटायचा. नदी सुरय पाण्याला चाटून जात होते. इथं कुणाचं पीक बुडालेलं नव्हतं. पक्ष्यांची हक्काची जागा ही.

पण या जागेला कागदावर आधार थोडा. केंद्राच्या 2017 च्या पाणथळ नियमांत नदीचं पात्र धरलेलंच नाही. आणि काठावर? अगदी पाण्यापर्यंत ऊस. 2005, 2019 आणि 2021 मध्ये याच नद्यांनी हा तालुका पाण्याखाली घातला. पूर येणारच आहे, तर काठाची एक पट्टी नांगरायची सोडून गवताला-झाडांना दिली तर? अर्थात, त्या पट्टीचं नुकसान एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. काकांना शेत परत मिळावं आणि शेकाट्यांना नदी. दोन्ही एकदम मागायला हरकत काय आहे?

जायचंय?

कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पूल आणि रस्ते पाण्याखाली जातात, तेव्हा नकोच.

कसं : मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावर जयसिंगपूर. तिथून शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड, खिद्रापूर आणि परत. साधारण साठेक किलोमीटर.

सोबत : दुर्बीण, टोपी, पंक्चर किट, भरपूर पाणी.

सांभाळून : कृष्णेत मगरी आहेत, पाय बुडवायचा मोह टाळा. रानात शिरण्याआधी मालकाला विचारा. चहाशिवाय सोडणार नाहीत!