लाकूड वाजवून घ्यावं

म्हाताऱ्याने ढिगातून फोडलेली दोन लाकडं उचलली आणि टाळ वाजवावेत तशी एकमेकांवर आपटली. खण्ण. मग शेजारच्या ढिगातली दुसरी दोन घेऊन आपटली. बद्द. "ही पुढच्या वर्षी," म्हणाला आणि ती परत ढिगावर टाकून दिली.

मला एकदम बाजारातला माठ आठवला. माठ घेताना आई बोटाच्या पेराने टकटक करून बघायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे असं समजायचं. लाकडाचं नेमकं उलटं. जे खणखणीत वाजतं त्याच्याच टोकांना तडे गेलेले असतात, कारण आतलं पाणी निघून गेलेलं असतं. बद्द वाजणारं लाकूड अंगाने अखंड, देखणं आणि पाण्याने भरलेलं.

हे मला महिनाभर आधी कळायला हवं होतं. मी ऑस्टिनजवळ राहतो, आणि टेक्सासमध्ये राहून माणूस फार काळ बार्बेक्यूपासून लांब राहू शकत नाही. गेल्या वर्षी मीही एक स्मोकर घेतला. आडवं लोखंडी पिंप, एका अंगाला जोडलेली छोटी भट्टी, दुसऱ्या अंगाला धुराडं. जाळ भट्टीत, मांस पिंपात, आणि दोघांच्या मधे फक्त गरम हवा आणि धूर. रस्त्याकडेला पिकअपमधून लाकूड विकणाऱ्या एकाकडून मी ताजं, गुळगुळीत सालीचं लाकूड आणलं आणि दोन मित्रांना सहकुटुंब जेवायला बोलावलं. चार तास पांढराशुभ्र धूर निघत होता आणि मी मनातून खूश होतो, केवढा धूर! कोंबडी बाहेर आली ती डांबर फासल्यासारखी. पहिला घास कडू, दुसऱ्याला जीभ बधिर. मित्राची धाकटी म्हणाली, "काका, याला नवीन रस्त्याचा वास येतोय." पिझ्झा मागवला.

माझी चूक अशी की मी लाकडाला जळण समजलो. मध्य टेक्सासमधला बार्बेक्यूवाला त्याला मसाला समजतो, आणि त्याला कारण आहे. इथलं खरं दैवत म्हणजे ब्रिस्केट, गुरांच्या छातीकडचा चिवट मांसाचा मोठा तुकडा. त्याला बहुतेकदा मीठ आणि मिरपूड एवढंच चोळतात आणि १२० ते १३५ अंश सेल्सिअसच्या आसपास दहा-बारा तास ठेवतात. बाकीची सगळी चव लाकडातून यायची.

ते लाकूड इथे बहुतेक ठिकाणी एकच, पोस्ट ओक. शास्त्रीय नाव क्वेर्कस स्टेलाटा. पोस्ट म्हणजे कुंपणाचा खांब. या झाडाचे खांब जमिनीत पुरले तरी लवकर कुजत नाहीत, म्हणून हे नाव. टेक्सासच्या पूर्वेला पाइनची जंगलं, मध्यावर काळ्या मातीचा पट्टा, आणि या दोन्हींमधल्या रेताड जमिनीत पोस्ट ओकची विरळ रानं. (हा काळा पट्टा पाहून सोलापूर-विदर्भाचा माणूस थबकतो. उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात चप्पल ओढून घेणारी तीच जात, आणि तिच्यातलं जुनं पीकही तेच, कापूस.) एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक लोक इथे येऊन स्थायिक झाले. त्यांच्यातल्या खाटकांनी न खपलेलं मांस टिकवायला धुरावर टाकलं, आणि त्यासाठी जे झाड दारात उभं होतं ते तोडलं. पोस्ट ओक कुणी चव घेऊन निवडला नाही. तो जवळ होता. चवीचं तत्त्वज्ञान नंतर आलं.

ऑस्टिनच्या दक्षिणेला लॉकहार्ट नावाचं छोटं गाव आहे. तिथलं 'क्राइट्स मार्केट' १९०० सालचं. १९९९ साली ते जुन्या इमारतीतून थोड्या अंतरावरच्या नव्या, भल्यामोठ्या इमारतीत गेलं, तेव्हा जुन्या भट्टीतले निखारे एका टबात भरून रस्त्यावरून ओढत नव्या भट्टीत नेले. जुनी इमारत वेगळ्या नावाने चालूच आहे. तिथे आजही भट्टीच्या तोंडाशी, जमिनीवरच, ओकचा जाळ पेटलेला असतो आणि गिऱ्हाईक त्याच्या शेजारून रांगेत सरकतं. मे महिन्यात त्या रांगेत उभं राहण्याला मी श्रद्धाच म्हणेन.

पण लाकडाला चव असते म्हणजे काय? ओकची ढलपी चघळून बघा, थोडी तुरट, बाकी काही नाही. चव लाकडात नसते, ती लाकूड मोडताना जन्मते. लाकूड मुख्यतः तीन गोष्टींचं बनलेलं असतं: सेल्युलोज, हेमीसेल्युलोज आणि लिग्निन. पहिल्या दोन म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. त्या तापून तुटल्या की कॅरॅमलसारखे गोडसर वास येतात, आणि सोबत व्हिनेगरमधलं असेटिक आम्लही. खरी जादू लिग्निनची. गवताचं पातं वाऱ्याने लवतं आणि ओक शंभर वर्षं ताठ उभा राहतो, यात मोठा वाटा त्याचा. पेशींच्या भिंतींमध्ये सिमेंटसारखं मुरलेलं हे द्रव्य. ते उष्णतेने फुटलं की त्यातून ग्वायकॉल निघतं, ज्याला आपण 'धुराची चव' म्हणतो. सिरिंगॉल निघतं, तो धुराचा वास. थोडं व्हॅनिलिन निघतं, म्हणजे चक्क व्हॅनिला. कागदाच्या लगद्यातून उरलेल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन बनवतातही. आणि आयसोयुजेनॉल निघतं, लवंगेतल्या युजेनॉलचं सख्खं भावंड. झाडाला उभं ठेवणारा पदार्थ मोडला की आतून लवंग आणि व्हॅनिला निघतात, हे वाचल्यावर मी स्मोकरजवळ जाऊन उगाच दोनदा वास घेऊन आलो.

ओक, हिकरी, सफरचंद अशा रुंद पानांच्या झाडांच्या लिग्निनमध्ये ग्वायकॉल आणि सिरिंगॉल या दोन्ही घराण्यांचे घटक असतात. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांत जवळपास पहिलंच घराणं, वर राळ. राळेची काजळी होते, म्हणून बार्बेक्यूवाले पाइनला हात लावत नाहीत. तरी याला कायदा समजू नये. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधला प्रसिद्ध हॅम फरच्या धुरावरच तयार होतो, आणि चीनचा लापसांग सूचाँग चहा पाइनच्या धुरावर. ज्याच्या जिभेला जे सवयीचं.

मग माझी कोंबडी का बिघडली? पाण्यामुळे. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. साधं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या जवळजवळ सात पट ते पाणी वाफ करून उडवायला लागते. माझ्या भट्टीतला जाळ मांस शिजवण्याऐवजी लाकूड वाळवण्यात खर्ची पडत होता. जाळ थंड पडला की लाकडातून निघणारे वायू पेट घेत नाहीत, नुसते धुमसतात, आणि पुढे जाऊन जे थंड सापडेल त्यावर डांबरी थर होऊन बसतात. त्या दिवशी सापडली कोंबडी. लाकडाच्या चिपा तासभर पाण्यात भिजवून मग टाकण्याचा सल्ला छापणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. भिजवलेल्या चिपेतून आधी निघते ती निव्वळ वाफ.

चांगला जाळ चालू असताना धुराड्यातून काही निघतंय की नाही असा प्रश्न पडतो. नीट पाहिलं तर निळसर झाक दिसते. इथले लोक त्याला 'पातळ निळा धूर' म्हणतात आणि तो दिसला की शांत होतात. हा रंग धुराचा नव्हे. लाकूड जवळजवळ पूर्ण जळलं की धुरात उरलेले कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही बारीक असतात, आणि इतके बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. आकाश निळं दिसतं त्याच न्यायाने. अर्धवट जळालेल्या धुरातले थेंब मोठे, ते सगळेच रंग विखुरतात, म्हणून तो पांढरा. म्हणजे भट्टी सांभाळणारा पिटमास्टर पहाटे चार वाजता धुराड्याकडे बघत उभा असतो तेव्हा तो डोळ्यांनी कणांचं आकारमान मोजत असतो, त्याच्या मनात ते शब्द नसले तरी.

वाळवणं म्हणजे फोडून, रचून, वारा खेळता ठेवून सहा महिने ते वर्षभर थांबणं. पाणी विसेक टक्क्यांवर आलं की लाकूड तयार. टोकाला तारेसारखे तडे जातात, साल सुटू लागते, हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा हलकं लागतं. भट्टीत घालून खडखडीत वाळवलेलं लाकूडही मिळतं, पण ते फुकटच्या घाईने जळून जातं.

कोणतं लाकूड, हा वाद मात्र इथे राजकारणाइतका रंगतो. कॅरोलायनाकडे हिकरी आणि ओक, कॅलिफोर्नियाच्या सांता मारियात तिथला किनारी ओक, टेक्सासमध्येच काही जण पेकनवर अडून बसतात. पेकन हे राज्याचं अधिकृत झाड आणि हिकरीच्याच कुळातलं. माझं मत विचाराल तर सफरचंद की चेरी यातला फरक डोळे बांधून ओळखणारे फार थोडे. ओलं की वाळलेलं यातला फरक मित्राच्या धाकटीनेही ओळखला. अपवाद एकच, मेस्किट. त्याचा जाळ कडक आणि धूर उग्र. म्हणून ऑस्टिनच्या वायव्येला लानोकडे मेस्किट आधी वेगळ्या भट्टीत जाळून त्याचे निखारे करतात आणि फावड्याने मांसाखाली सारतात.

मेस्किटचं झाड पहिल्यांदा जवळून पाहिलं तेव्हा मी ते ओळखलं. बारीक पानं, लोंबत्या शेंगा, आणि माझ्या सायकलच्या किती ट्यूबा फोडल्या असतील असे काटे. आमच्या सांगोल्याकडची वेडी बाभूळ! ती खरोखरच मेस्किटची चुलत बहीण, दोघी प्रोसोपिस कुळातल्या. अमेरिका खंडातून एकोणिसाव्या शतकात ती भारतात आणली गेली. १९६०च्या सुमारास कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात वाळवंट रोखायला तिची लागवड झाली आणि तिने गवतच गिळलं. गुजरातीत तिला गांडो बावळ म्हणतात, गांडो म्हणजे वेडा. दोन भाषांनी तिला एकच विशेषण लावलं, आणि दोन्ही खंडांत माणसं तिला शिव्या देतात आणि तिचा निखारा वाखाणतात. कच्छमध्ये तिचा कोळसा पाडून विकणं हा मोठा धंदा आहे.

त्या म्हाताऱ्याने मला आणखी एक खेळ दाखवला. रेड ओकचा बोटभर तुकडा, शिरांच्या दिशेने कापलेला. एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकातून फुंकर मारायला सांगितली. बुडबुडे आले! लाकडातून! रेड ओकच्या नळ्या आरपार मोकळ्या असतात. मग पोस्ट ओकचा तसाच तुकडा दिला. गाल दुखेपर्यंत फुंकलं, काही नाही. पोस्ट ओक व्हाइट ओकच्या गटातला. या गटात खोडाचा गाभा तयार होताना शेजारच्या पेशी नळ्यांमध्ये फुगून त्यांना बुचं मारतात. म्हणून व्हिस्कीची पिंपं व्हाइट ओकची, आणि म्हणूनच खांब कुजत नाही, पाणी आत शिरायला वाटच नाही. त्या बुचांमुळेच वाळवताना मात्र पाणी आतून बाहेरही सावकाश येतं.

लाकूड आणायचं कुठून यालाही नियम आहेत, आणि ते चवीपेक्षा गंभीर. टेक्सासमध्ये ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग आहे. मेलेल्या रेड ओकच्या सालीखाली बुरशीची गादी तयार होते, ती फुगून साल फोडते, आणि तिला पिकून उतरलेल्या फळाचा वास येतो. त्या वासाला भुलून छोटे भुंगे येतात, अंगावर बीजाणू घेऊन दुसऱ्या झाडाच्या ताज्या जखमेवर जाऊन बसतात. लाइव्ह ओकची मुळं जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असतात, त्यामुळे तिथे एक झाड मेलं की वाडीच्या वाडी जाते. पोस्ट ओक त्यामानाने तग धरतो. पण रोगट रेड ओकची ओली लाकडं गाडीत घालून पन्नास मैल नेणारा माणूस तो वास आणि ती बुरशी दोन्ही नेतो. ॲश झाडांचा तसाच एक वैरी, पाचूसारखा हिरवा भुंगा, २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला. त्याने कोट्यवधी झाडं मारली, आणि लांबचे प्रवास त्याने केले ते बरेचसे जळाऊ लाकडात बसून. जिथे जाळायचं तिथलंच घ्या, असं सरकारी फलक म्हणतात. जर्मन खाटीक निराळ्या कारणाने तेच करत होते.

इथे लाकूड कॉर्डवर विकतात. चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब रास, १२८ घनफूट. विकणारा हुशार असला तर वाकडीतिकडी लाकडं अशी रचतो की मधून मांजर जाईल. आमच्याकडे वखारीत वजनावर मिळायचं, म्हणजे ओलं घेणारा पाण्याचे पैसे मोजायचा. इथे हवेचे.

मी म्हाताऱ्याकडून पाव कॉर्ड वाळलेलं घेतलं. निघताना धीर करून बद्द वाजणाऱ्या ढिगातलंही थोडं मागितलं. त्याने हसून निम्म्या भावात दिलं. ते गॅरेजच्या मागे, खाली दोन पट्ट्या टाकून, वरून पत्रा आणि बाजू मोकळ्या ठेवून रचलंय. आता सात महिने झाले. साल सुटायला लागली आहे, टोकांना बारीक तडे दिसतात. काल दोन उचलून आपटली. आवाज मधलाच कुठलातरी होता.