हायड्रा : पायी पाहायचं बेट

ग्रीसला सुट्टीसाठी निघालेल्या माणसाच्या यादीत सँटोरिनी आणि मिकोनॉस ही दोन बेटं बहुतेक वेळा सगळ्यात वर असतात. तिथली गर्दी इतकी वाढली, की २०२५च्या उन्हाळ्यापासून ऐन हंगामात क्रूझने उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडून ग्रीक सरकार २० युरो घेऊ लागलं. ज्यांच्या हाती मोजकेच दिवस आहेत, त्यांनी नकाशावर नजर जरा अलीकडे आणावी. अथेन्सच्या दक्षिणेला, पेलोपोनीसच्या किनाऱ्याजवळ हायड्रा नावाचं बेट आहे. तिथले लोक त्याला ‘इद्रा’ म्हणतात. क्षेत्रफळ जेमतेम ५० चौरस किलोमीटर, वस्ती दोन हजारांच्या आसपास. या बेटावर मोटार नाही, स्कूटर नाही, सायकलसुद्धा नाही. कचरागाडी, अग्निशमनाची गाडी आणि रुग्णवाहिका यांना तेवढी परवानगी आहे.

पिरियसच्या बंदरातून जलद बोट दीड-दोन तासांत हायड्राला पोचते. बंदरात शिरेपर्यंत दिसतात ते नुसते करडे, उघडे डोंगर. मग एका वळणावर अर्धगोल बंदर एकदम समोर येतं. धक्क्यामागून पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली घरं, दोन्ही टोकांना जुन्या तोफा, मधोमध मठाचा संगमरवरी घंटामनोरा. हे दृश्य पाहून बेटावर निसर्गाची कृपा आहे असं वाटतं. पण हायड्राला निसर्गाने दिलं फार थोडं. जे आज सुंदर दिसतं, ते आधी व्यापाराच्या पैशाने उभं राहिलं, मग गरिबीमुळे जसंच्या तसं राहिलं आणि अखेर माणसांनी ठरवून जपलं. दोन दिवसांच्या सुट्टीत हा सगळा प्रवास पायी पाहता येतो, म्हणून या बेटाबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

धक्क्यावरची सकाळ

माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून पुढे पायी किंवा घोड्यावर गेलेल्या वाचकाला हायड्राची व्यवस्था समजायला वेळ लागणार नाही. फरक इतकाच, की इथे सगळं समुद्रातून येतं. सकाळी मालाची बोट धक्क्याला लागते, तेव्हा खेचरं एकामागे एक बांधून ओळीने उभी असतात. सिमेंटच्या गोण्या, भाजीचे खोके, गॅसची सिलिंडरं, हॉटेलात उतरणाऱ्यांच्या बॅगा हे सगळं त्यांच्या पाठीवरून वर जातं. लाकडी खोगिराच्या एका बाजूला ओझं लावलं, की ते हाताने पेलून धरावं लागतं. तोवर दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन चढवायचं आणि मग दोर आवळायचा. दोन्हीकडचं वजन सारखं नसेल, तर पायऱ्यांवर जनावराचा तोल जातो. या कामात घाई करून चालत नाही.

खेचरांकडे केवळ फोटोची हौस म्हणून पाहू नये. गाढवं-खेचरांवर १०० किलोपेक्षा किंवा त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या एकपंचमांशापेक्षा जास्त ओझं लादू नये, असा नियम ग्रीसने २०१८मध्ये केला. पाहुण्याने आपली बॅग हलकी ठेवली, तर तो नियम पाळायला त्याचाही हातभार लागतो.

खडकावर आलेली श्रीमंती

ऑटोमन काळात मुख्य भूमीवरच्या लढायांना कंटाळून पळालेली कुटुंबं इथे येऊन राहिली. त्यांतली बरीच आर्वानाइट, म्हणजे अल्बेनियन बोली बोलणारी होती. शेती करावी तर माती नाही, पाणी नाही. मग त्यांनी जहाजं बांधली. १७७४च्या रशिया-तुर्कस्तान तहानंतर ग्रीक जहाजांना रशियन झेंड्याखाली काळ्या समुद्रात व्यापार करण्याची वाट मोकळी झाली. पुढे नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटिशांनी बंदरांची नाकेबंदी केली. ती चुकवून काळ्या समुद्राकडचा गहू भूमध्य समुद्रावरच्या बंदरांत पोचवणाऱ्या कप्तानांनी अमाप पैसा मिळवला.

त्या पैशातून उभे राहिलेले वाडे आजही बंदराभोवती आहेत : कुंदुरियोतिस, तोंबाझिस, वुल्गारिस, मियाउलिस. बाहेरून ते किल्ल्यासारखे, जाड भिंतींचे आणि साधे. आत मात्र रंगवलेली छतं आणि परदेशातून आणलेलं सामान. पश्चिमेच्या टेकडीवरचा लाझारोस कुंदुरियोतिसचा वाडा राष्ट्रीय ऐतिहासिक संग्रहालयाची शाखा म्हणून पाहायला खुला असतो. तिथल्या खिडकीतून खाली पाहिलं, की घरमालकाला आपलं प्रत्येक जहाज येता-जाता दिसत असणार हे लगेच ध्यानात येतं. जुन्या घरांच्या अंगणाखाली पावसाचं पाणी साठवायची टाकी असे. एवढी श्रीमंती आली तरी पाण्यासाठी आभाळाकडेच पाहावं लागे.

जहाजं पेटवणारं गाव

१८२१च्या वसंतात ग्रीसमध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, तेव्हा हायड्राचे धनिक कचरत होते. गमावण्यासारखं त्यांच्याकडेच सगळ्यात जास्त होतं. अंतोनिस इकोनोमू या कप्तानाने सामान्य खलाशांना हाताशी धरून बेटाला उठावात ओढलं. त्याच वर्षी त्याची हत्या झाली. एकदा उडी घेतल्यावर मात्र धनिकांनी हात आखडता घेतला नाही. लाझारोस कुंदुरियोतिसने संपत्तीचा मोठा भाग युद्धात घातला. हायड्रा, स्पेत्सेस आणि प्सारा या तीन लहान बेटांची व्यापारी जहाजं हेच ग्रीकांचं आरमार झालं आणि हायड्राचा आंद्रेआस मियाउलिस त्याचा सेनापती.

समोर ऑटोमनांची अजस्र लढाऊ जहाजं होती. त्यांच्याविरुद्ध ग्रीकांचं खास हत्यार म्हणजे अग्निनौका. जुनं जहाज दारूगोळा आणि डांबराने भरायचं, शत्रूच्या जहाजाला नेऊन अडकवायचं, बत्ती द्यायची आणि मागे बांधलेल्या होडीतून निसटायचं. दर वर्षी जूनच्या अखेरीस ‘मियाउलिया’ उत्सवात बंदरात एक होडी जाळून त्या दिवसांची आठवण जागवली जाते. मियाउलिसचं हृदय चांदीच्या पात्रात इथल्या ऐतिहासिक संग्रहालयात जपलेलं आहे.

स्वातंत्र्य मिळालं आणि बेटाचा व्यापार गेला. वाफेची जहाजं आली, पिरियस आणि सिरोसची बंदरं पुढे गेली. हायड्राची माणसं समुद्रस्पंज काढू लागली. ईस्टरनंतर होड्या उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघत, त्या शरद ऋतूत परतत. पाणबुड्याचा पोशाख आल्यावर माणूस जास्त खोल जाऊ लागला, जास्त वेळ थांबू लागला. पण झटकन वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे होऊन कितीतरी जण लुळे झाले, कितीतरी दगावले. स्पंजचा धंदाही ओसरला, तेव्हा घरं रिकामी पडली. नवं बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुनं पाडलं गेलं नाही.

स्वस्त घरं आणि कवी

या रिकाम्या घरांनी कलावंतांना बोलावलं. चित्रकार निकोस हाजिकिरियाकोस-गिकाचा वडिलोपार्जित वाडा इथेच होता. १९३९मध्ये लेखक हेन्री मिलर आणि कवी योर्गोस सेफेरिस तिथे पाहुणे होते. १९६१च्या आगीत तो वाडा जळाला. १९५५पासून जॉर्ज जॉन्स्टन आणि चार्मियन क्लिफ्ट हे ऑस्ट्रेलियन लेखक दांपत्य मुलाबाळांसह इथे राहिलं. १९५६मध्ये दिग्दर्शक मिहालिस काकोयानिसने आपला एक चित्रपट इथे केला आणि १९५७च्या ‘बॉय ऑन अ डॉल्फिन’मध्ये सोफिया लॉरेन इथली स्पंज काढणारी मुलगी झाली. १९६०मध्ये सव्वीस वर्षांच्या लिओनार्ड कोहेन या कॅनेडियन कवीने १,५०० डॉलरला इथे घर घेतलं. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. पुढे तारा आल्या आणि त्यांवर बसलेल्या पक्ष्यावरून त्याला ‘बर्ड ऑन द वायर’ हे गाणं सुचलं. आता त्या गल्लीला त्याचं नाव आहे.

प्रसिद्धीपाठोपाठ पैसा आला. याच टप्प्यावर भूमध्य समुद्रावरच्या कितीतरी गावांनी रस्ते रुंद केले, हॉटेलांचे मजले चढवले. हायड्राने ते केलं नाही. गावाला संरक्षित वारशाचा दर्जा आहे. घराची डागडुजी जुन्या घडणीला धरूनच करावी लागते आणि मोटारींना बंदी आहे. विटेपासून फ्रीजपर्यंत सगळं खेचराच्या पाठीवरून नेण्याचा खर्च आणि वेळ बेटावरचे लोक आजही सोसतात. पर्यटकाला जी शांतता फुकट मिळते, तिची किंमत ते मोजत असतात.

ही शांतता नाजूकही आहे. २१ जून २०२४च्या रात्री बेटाच्या पाइन वनात आग लागली. तिथवर रस्ता नसल्याने जवानांना समुद्रातून जावं लागलं. एका आलिशान नौकेवरून सोडलेल्या आतषबाजीने आग लागल्याच्या आरोपावरून १३ खलाशांना अटक झाली. बेटावर झाडी मुळातच कमी. एका रात्रीच्या हौसेची भरपाई तिथे अनेक दशकं होत नाही.

दोन दिवस कसे घालवावेत

पिरियसहून ‘एका दिवसात तीन बेटं’ अशा सहली निघतात. त्यात हायड्राच्या वाट्याला दीड-दोन तास येतात आणि ते धक्क्यावरच्या दुकानांत संपतात. निदान दोन रात्री राहावं. अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रो ऑक्टोबर २०२२पासून थेट पिरियसला जाते. वारा वाढला की बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवावा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ चालायला चांगला.

पहिला दिवस गावाला द्यावा : कुंदुरियोतिसचा वाडा, संग्रहालय, मठाचं अंगण. संध्याकाळी किनाऱ्याच्या वाटेने कामिनी या शेजारच्या वस्तीत जावं. गुड फ्रायडेच्या रात्री इथले लोक ख्रिस्ताची फुलांनी सजवलेली प्रतीकात्मक शवपेटी खांद्यावर घेऊन समुद्राच्या पाण्यात उतरतात आणि दर्यावर्दींसाठी प्रार्थना करतात. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत प्रोफितिस इलियासच्या मठाची चढण चढावी. वाळूचा किनारा शोधू नये. खडकांवरून खोल, नितळ पाण्यात उतरावं लागतं. शाकाहाऱ्यांची अडचण होत नाही, कारण ऑर्थोडॉक्स उपवासांमुळे ग्रीक स्वयंपाकात तेलात शिजवलेल्या भाज्या आणि टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे असतातच. बदामाची ‘अमिग्दालोता’ ही मिठाई मात्र खाल्ल्याशिवाय परतू नये.

संध्याकाळची शेवटची बोट दिवसाच्या पाहुण्यांना घेऊन गेली, की गाव पुन्हा गावकऱ्यांचं होतं. दारात खुर्च्या येतात, मुलं धक्क्यावर फुटबॉल खेळतात. हायड्रा खरं कळतं ते या वेळी. म्हणून वाचकांना मनापासून सांगणं आहे : ग्रीसला जाल तेव्हा बेटांची संख्या कमी करा आणि एका बेटावरच्या रात्री वाढवा. बॅग हलकी न्या, पायी चाला, आणि ज्या गावाने सोयीवर पाणी सोडून आपलं रूप राखलं, तिथे राहून, जेवून, चार पैसे खर्चून या.