झाडांपेक्षा झाडोरा महत्त्वाचा

आटगावजवळच्या तानसाच्या जंगलात ऐन-सागाखाली कारवी, गवत, पाचोळा असतो. हिप्पासा कोळी गवतात नरसाळ्यासारखं जाळं विणतो, भटके कोळी पाचोळ्यात शिकार शोधतात, वर्तुळाकार जाळ्यांना झुडपांचा आधार लागतो. सागाच्या लागवडीत हे कोळी घटतात म्हटलं, तर कुणी विचारेल: साग इथलाच, मग त्याच्या लागवडीत काय बिघडतं? आक्षेप रास्त आहे. पण बहुतेक कोळ्यांना झाडाच्या जातीपेक्षा आधार, ओलावा आणि भक्ष्य महत्त्वाचं. आयर्लंडमधल्या सूचिपर्णी लागवडींतही सावली दाटून जमिनीवरचा झाडोरा खुरटला, की मोकळ्या जागेतले कोळी घटतात. म्हणजे दोष सागाचा कमी, दाट लावणीचा, झुडपं छाटण्याचा आणि वणव्याचा अधिक. उजेड पोचेल इतकी विरळणी जरूर करावी. खालची झुडपं आणि पाचोळा मात्र राखावा.