रक्तवाहिनी उगवायची, पण पेशी कुठली?

विडी-सिगारेटच्या व्यसनातून तरुण वयातच जडणारा बर्जर रोग पायातल्या बारीक रक्तवाहिन्या बुजवत जातो. आधी चालताना पोटऱ्या दुखतात, मग बोटं काळी पडतात. वाहिन्या इतक्या बारीक असतात की बायपास बहुधा जमत नाही. तिथे नव्याच वाहिन्या उगवता आल्या तर? २००२ साली जपानी डॉक्टरांनी पायांचा रक्तपुरवठा घटलेल्या रुग्णांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी पायाच्या स्नायूंत टोचल्या, तेव्हा रक्तपुरवठा सुधारल्याचं दिसलं.

पण या कामी येणाऱ्या मूलपेशी मज्जेतच असतात असं नाही. चरबी, नाळ, अगदी लहान मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतही त्या सापडतात. मज्जेत त्या विरळ, दहा हजार ते लाख पेशींमागे जेमतेम एक. शिवाय हाडात सुई घालावी लागते आणि वयाबरोबर त्यांचा जोमही ओसरतो. चरबीत त्या मुबलक. नाळ तर एरवी कचऱ्यातच जाते आणि तिच्यातल्या पेशी झपाट्याने वाढतात.

मग सरस कोण? इथे उत्तरं फाटतात. या पेशी स्वतः वाहिनी क्वचितच बनतात. त्या वाहिन्यांच्या वाढीला चालना देणारी व्हीईजीएफसारखी प्रथिनं स्रवतात आणि आसपासच्या वाहिन्यांच्या अस्तर-पेशींना कामाला लावतात. काही प्रयोगांत नाळेच्या पेशींनी व्हीईजीएफ फारच कमी स्रवलं, तरी वाहिन्यांची वाढ झाली, कारण त्यांची इतर रसायनं वेगळी होती. म्हणजे एकच प्रथिन मोजून निकाल लावणं धोक्याचं. प्राणवायूचंही तसंच. प्रयोगशाळेतल्या हवेत तो सुमारे २० टक्के, शरीराच्या ऊतींत त्याहून बराच कमी. आणि तो घटला की याच पेशी व्हीईजीएफ वाढवतात. त्यात दाता बदलला की आकडे बदलतात. चार दात्यांवरून ‘चरबी जिंकली’ म्हणणारा शोधनिबंध मी तरी जपूनच वाचतो.

शिवाय प्रयोगशाळेच्या बशीतल्या जेलवर पेशींनी नळ्यांची सुरेख जाळी विणली, तरी तिच्यातून रक्त वाहत नसतं. खरी कसोटी रुग्णांवरच. नेदरलँड्समध्ये पायांचा रक्तपुरवठा गंभीरपणे घटलेल्या १६० रुग्णांवरच्या चाचणीत मज्जेतल्या पेशी धमनीतून दिल्या. पाय कापण्याचं प्रमाण काही घटलं नाही, हे २०१५ साली जाहीर झालं. त्या पेशी मात्र सरमिसळ होत्या, निवडून वाढवलेल्या नव्हत्या.

भारतात बर्जर रोगासाठी २०१६ साली मर्यादित मंजुरी मिळालेलं बेंगळुरूचं ‘स्टेमप्युसेल’ मज्जेतल्याच पेशींचं आहे. त्यात अनेक निरोगी दात्यांच्या पेशी एकत्र केल्या जातात. दात्यागणिक पडणारा फरक आटोक्यात ठेवण्याचा हा मार्ग मला ऊतींच्या शर्यतीपेक्षा जास्त व्यवहारी वाटतो. विडी मात्र रुग्णाला सोडावीच लागते.